पिंपळाची दुपार

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कडुनिंब आहे, पुढे चौकात पाराचा पिंपळ, आणि मे महिन्यात दुपारी अडीच-तीनला दोघांखाली सारखीच गर्दी असते, ऑटोवाले, कुरियरची पोरं, उसाच्या रसाची गाडी, दुपट्टा बांधून स्कूटी उभी केलेल्या कॉलेजच्या मुली. सावलीच्या हिशोबाने दोन्ही झाडं सारखीच. हवेच्या हिशोबाने बघाल तर त्या टायमाला दोघांचं अगदी वेगळं चाललेलं असतं. पिंपळ एक वायू भरभरून सोडत असतो आणि कडुनिंब तो जवळजवळ सोडतच नाही.

त्या वायूचं नाव आयसोप्रीन. पाच कार्बन, आठ हायड्रोजन, एवढाच जीव. रबराचा चीक ज्या कड्या जोडून बनतो तीच ही कडी, फक्त सुटी. जगभरातली झाडं मिळून वर्षाला साधारण ५० कोटी टन आयसोप्रीन हवेत सोडतात, म्हणजे मिथेन सोडला तर हवेत जाणारा कुठलाही दुसरा हायड्रोकार्बन याच्या जवळपास येत नाही, आणि तरी आपल्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेलं नसतं कारण ना तो दिसतो ना पानाजवळ नाक नेलं तर कळतो.

२००५ साली दिल्लीतल्या नऊ नेहमीच्या झाडांवरचा एक अभ्यास छापून आला होता. फांदी एका बंद भांड्यात घ्यायची, त्यातून हवा फिरवायची, आणि बाहेर येणाऱ्या हवेत किती आयसोप्रीन आहे ते मोजायचं, असं वेगवेगळ्या ऋतूंत. नऊपैकी सहा झाडांनी आयसोप्रीन सोडलं: निलगिरी, वड, पिंपळ, आंबा, बकाननिंब आणि जांभूळ. त्यात पिंपळ पहिला, वाळलेल्या पानाच्या दर ग्रॅममागे तासाला सरासरी १० मायक्रोग्रॅमच्या आसपास. उरलेली तीन म्हणजे कडुनिंब, बहावा आणि सातवीण, यांच्याकडून जवळपास काहीच निघालं नाही. मी ती यादी वाचली तेव्हा मला दिल्ली दिसलीच नाही, आमचा चौक दिसला, नऊही झाडं आपल्या नागपुरात रोजची आहेत हो, सिव्हिल लाईन्समध्ये फिरा, सेमिनरी हिल्सला जा, महाराजबागेत जा.

आता पिंपळ असं करतो काहून? फुकट तर नाही ना करत, कारण झाडाने उन्हातून मेहनतीने जमवलेल्या कार्बनपैकी साधारण एक-दोन टक्के असा हवेत जातो, आणि कडक उन्हात त्याहून जास्त. याचं सगळ्यात पटणारं उत्तर म्हणजे उष्णता. आयसोप्रीन पानातल्या हरितद्रव्याच्या यंत्रणेला तापण्यापासून आणि त्या ताणात तयार होणाऱ्या घातक ऑक्सिजन-रूपांपासून वाचवतं, उन्हाचा झटका बसून गेल्यावर पान लवकर सावरतं. पान ३० अंशांवरून चाळिशीकडे तापत गेलं की हे सोडणं साधारण दुप्पट होतं, चाळिशीच्या आसपास शिखर गाठतं आणि त्याच्या बरंच वर गेलं की मग यंत्रणाच थकते. ज्या शहराने २३ मे २०१३ ला ४७.९ अंश बघितलेत, जिथे नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, म्हटलं की लोक लग्नाची वेळसुद्धा संध्याकाळची काढतात, तिथे एखादं झाड स्वतःला वाचवायला काहीतरी खर्च करत असेल तर मला त्याच्याबद्दल आदरच वाटतो.

पिंपळाची पालवी मार्चमध्ये बघा, तांबूस-गुलाबी, ऊन आरपार जाईल अशी. ती पानं तेव्हा आयसोप्रीन जवळपास सोडत नाहीत, कोवळ्या पानाला ते जमतच नाही, पान पूर्ण उघडून हिरवं-जून झालं की मगच हे काम सुरू होतं. म्हणजे आपल्याकडे होळी संपून ऊन तापायला लागतं त्याच सुमाराला झाडंही तयार होतात.

आणि हे सगळं उजेडातच. संध्याकाळी ऊन उतरलं की पिंपळाचं आयसोप्रीन बंद, कारण ते प्रकाशाच्या जोरावरच बनतं. हे मुद्दाम सांगते कारण व्हॉट्सॅपवर पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो असं दर पंधरा दिवसांनी कोणीतरी पाठवतंच. उजेड नसला की कुठलंच झाड ऑक्सिजन देत नाही, पिंपळही नाही. पिंपळाची खरी गंमत भर दुपारची आहे, रात्रीची नाही.

आता मुख्य गोष्ट. हा वायू जंगलात सुटला तर एक होतं आणि वर्धा रोडवर सुटला तर दुसरंच होतं.

आयसोप्रीन हवेत आलं की दिवसा तास-दोन तासांत संपतं, इतकं ते चपळ आहे, मिथेन नऊ-दहा वर्षं टिकतो तसं नाही. हवेतले हायड्रॉक्सिल नावाचे कण त्याला धरतात, मग ऑक्सिजन चिकटतो, आणि त्यातून पेरॉक्सी कण तयार होतात. इथपर्यंत जंगल आणि शहर सारखंच. पण शहरात गाड्यांच्या धुरातून, डिझेल ट्रकांमधून, जनरेटरमधून, आणि आपल्या बाबतीत कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांमधूनही नायट्रोजनचे ऑक्साईड निघत असतात. त्यातला नायट्रिक ऑक्साईड एरवी ओझोनला खाऊन टाकतो आणि स्वतः नायट्रोजन डायऑक्साईड होतो, मग ऊन त्या डायऑक्साईडला फोडतं, सुटलेला एक ऑक्सिजन हवेतल्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो आणि परत ओझोन तयार होतो, म्हणजे जेवढा बनला तेवढाच खाल्ला, हिशोब बरोबर. झाडाच्या वायूपासून बनलेले पेरॉक्सी कण या हिशोबात मध्ये येतात. ते नायट्रिक ऑक्साईडला स्वतःच डायऑक्साईड करून टाकतात, ओझोनला हात न लावता. मग खाणारा उरत नाही, बनणं चालूच राहतं, आणि ओझोन साचत जातो. पेट्रोलची वाफ, थिनर, रंग, हेही हेच करतात, पण आयसोप्रीनचा वेग त्यातल्या बहुतेकांपेक्षा जास्त.

वर आभाळात पंधरा-वीस-तीस किलोमीटरवर असलेला ओझोन आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो, पण हाच वायू नाकाच्या उंचीवर आला की छातीला लागतो, दमेकऱ्यांना जास्त, आणि शहराबाहेर वाहत गेला की पिकांनाही, गहू आणि सोयाबीन ही त्याला लवकर बळी पडणारी पिकं. आपल्याकडे आठ तासांच्या सरासरीला १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर अशी मर्यादा आहे, २००९ पासून. पण हवा म्हटली की आपण दिवाळी आणि थंडीतलं धुकं एवढंच धरतो, धूर दिसतो ना. मेमधलं आभाळ स्वच्छ निळं दिसतं आणि आपल्याला वाटतं उकाडा सोडला तर बाकी ठीक आहे. ओझोनला रंग नाही. तो दुपारी चढतो, नेमका जेव्हा ऊन, धूर आणि झाडांचा श्वास तिन्ही एकदम हजर असतात तेव्हा.

हे सगळं मी शेजारच्या काकांना सांगितलं, ते निवृत्त आहेत, पारावर रोज बसतात, झाडावर त्यांचा फार जीव. ते माझ्याकडे बघतच राहिले. "काहून वं, आता झाडं बी प्रदूषण करतेत म्हणते का तू?" आणि मग लगेच, "हे बाहेर बोलू नको बाप्पा, उद्या तोडून टाका म्हणतीन."

काकांची भीती अगदी खरी आहे, झाडांवर असा आळ याआधी आलेलाही आहे. १९८० च्या अमेरिकेतल्या निवडणुकीत रोनाल्ड रेगन यांनी प्रदूषणाचा मोठा वाटा झाडांच्या माथी मारणारं विधान केलं होतं, आणि मग कॅलिफोर्नियातल्या एका कॉलेजात पोरांनी त्यांची टिंगल करायला झाडाला पाटी लावली, "मी पुन्हा खून करायच्या आत मला तोडा." त्या विधानातली गफलत अशी की अर्धं रसायन सांगितलं आणि अर्धं गाळलं. झाडं हायड्रोकार्बन सोडतात हे खरं. पण त्याचा ओझोन व्हायला नायट्रोजनचे ऑक्साईड लागतात आणि शहरात ते झाडं आणत नाहीत.

हे नीट मांडलं गेलं १९८८ मध्ये, विल्यम कॅमिडीस आणि सहकाऱ्यांनी अटलांटा शहरावर केलेल्या कामात. अटलांटा हे झाडांनी भरलेलं शहर. तिथे वर्षानुवर्षं पेट्रोलच्या वाफा आणि कारखान्यांचे हायड्रोकार्बन कमी करायच्या मागे सरकार लागलं होतं आणि ओझोन काही हवा तसा हलत नव्हता. त्यांनी दाखवलं की माणसांनी सोडलेले हायड्रोकार्बन बरेच कमी केले तरी झाडांचे एवढे आहेत की ओझोन बनतच राहणार, तेव्हा कापायचं असेल तर नायट्रोजनचे ऑक्साईड कापा. मला हा निष्कर्ष फार मोठा वाटतो. झाडं आहेत हे धरूनच हिशोब करा, आणि जे आपण जाळतो ते कमी करा.

दुसरा पुरावा बोर्निओतला, २००९ चा. तिथे एका बाजूला मूळ पावसाचं जंगल, एका बाजूला तेलपामची लागवड. तेलपाम आयसोप्रीन प्रचंड सोडतो, जंगलापेक्षा कितीतरी जास्त. तरी मोजमाप केलं तेव्हा जमिनीलगतचा ओझोन दोन्हीकडे सारखाच कमी होता, कारण हवेत नायट्रोजनचे ऑक्साईड फारसे नव्हते. पण त्याच लागवडीवरच्या हवेत जर युरोप-अमेरिकेतल्या गावाखेड्याइतके ऑक्साईड आले तर ओझोन धोक्याच्या पातळीवर जाईल असं गणित निघालं. तेच झाड, तोच वायू, एका हवेत निरुपद्रवी आणि दुसऱ्या हवेत नाही. काकांना मी हेच उदाहरण दिलं, त्यांनी दोनदा विचारून घेतलं, मग म्हणाले, "म्हणजे झाड नाही बिघडलं, हवा बिघडली." मला इतकं नेमकं म्हणता आलं नसतं.

गोष्ट फक्त आयसोप्रीनची नाही पण. संत्रं सोलताना सालीतून जो फवारा डोळ्यात जातो तो लिमोनिन, हा टर्पीन नावाच्या मोठ्या कुळातला, दहा कार्बनवाला. लिमोनिन ओझोनशी भांडतं आणि त्या भांडणातून इतके बारीक कण तयार होतात की ते पीएम २.५ मध्ये मोजले जातात. काटोल-नरखेडकडे संत्र्याचा आंबिया बहार फुलतो तेव्हा, जानेवारी-फेब्रुवारीत, रस्त्याने जाताना गाडीची काच खाली करून तो वास घेणं हे माझ्यासाठी हिवाळ्यातलं सगळ्यात मोठं सुख आहे, आणि तो वासही याच कुळाचा. निलगिरीचा वास, फरशी पुसायच्या पाइन ऑइलच्या फिनाईलचा वास, सगळे भाऊबंदच. कूलरच्या ताटीतल्या खसचा वास तर पंधरा कार्बनवाल्या रेणूंचा, तो त्यांचा मोठा भाऊ. आणि ऑक्टोबरमध्ये सातवीण फुलते, आयसोप्रीनच्या यादीत तिचं नाव तळाला, पण फुलांच्या वासाने अख्खी कॉलनी भरते, कोणाला आवडतो आणि कोणाचं डोकं दुखतं. म्हणजे एकच झाड एका हिशोबात शांत आणि दुसऱ्या हिशोबात बोलकं असू शकतं, हे मला फार लक्षात राहिलेलं आहे.

जंगलांवर जो निळसर पडदा दिसतो त्यामागेही हे टर्पीन असावेत असं फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६० मध्ये मांडलं होतं. झाडांतून सुटलेली वाफ हवेत बदलून बारीक कण होते आणि ते कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. अमेरिकेतल्या स्मोकी माउंटन्सचं, ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्सचं नावच त्यावरून पडलंय. रामटेकच्या गडावरून लांब बघताना मला वेंट आठवतोच.

आता उष्णतेकडे परत येते कारण आपल्यासाठी खरी चिंता तिथे आहे. बर्लिनमध्ये २००६ च्या जुलैत मोठी उष्णतेची लाट आली होती, त्यावर २०१७ मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवलं की त्या दिवसांत ओझोन बनण्यात शहरातल्या झाडाझुडपांच्या वायूंचा वाटा ६० टक्क्यांपर्यंत गेला होता, एरवी तो बराच कमी असतो. लॉस एंजेलिसवर २०२१ च्या जूनमध्ये विमान फिरवून हवा मोजली गेली, तिथेही तापमान वाढेल तसे झाडांचे टर्पीन वाढताना दिसले, आणि गाड्यांचे हायड्रोकार्बन इतक्या वर्षांत कमी झाल्यामुळे आता झाडांचा वाटा ठळक दिसायला लागलाय. बर्लिनची लाट म्हणजे आपला साधा एप्रिल. तिथे जे चार-आठ दिवस होतं त्यात आपण दोन-अडीच महिने राहतो.

आणि अजून एक, जे मला सगळ्यात जास्त खटकतं. झाडं ओझोन बनवायला मदत करतात तसं ओझोन गिळतातही, पानाच्या खालच्या बाजूला जी बारीक रंध्रं असतात त्यातून तो आत जातो आणि संपतो. शहराची हवा साफ ठेवण्यात हा मोठा भाग आहे. पण भर उन्हात, जमिनीत पाणी नसताना झाड काय करतं? पाणी वाचवायला रंध्रं मिटून घेतं. मिटल्यावर ओझोन आत जाणं थांबतं, पण आयसोप्रीन बाहेर येणं बऱ्यापैकी चालूच राहतं, साधारण दुष्काळात ते लवकर कमी होत नाही. म्हणजे तहानलेलं झाड हवेतून घेणं बंद करतं आणि देणं चालू ठेवतं. आता आपल्या फुटपाथवरची झाडं आठवा, बुंध्याला अगदी चिकटून पेव्हर ब्लॉक, सिमेंट रोड, वीतभरही माती नाही, पावसाचं पाणी थेट नालीत. आपण झाड ठेवतो आणि त्याचं काम काढून घेतो. आमच्याकडे मागे सिमेंट रोड झाला तेव्हा कडुनिंबाच्या खोडाभोवती माती ठेवा म्हणून आम्ही काही बायका उभ्या राहिलो, जेमतेम हातभर गोल मिळाला, तोही पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कोणीतरी बुजवला. या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही.

एवढं सगळं सांगून मी झाडं कमी लावा म्हणत नाहीये हे एकदा ठळक सांगते. सावली हवा थंड करते, थंड हवेत ओझोन हळू बनतो, सावलीत उभ्या गाडीची पेट्रोलची टाकी कमी तापते आणि कमी वाफ सोडते, खोलीवर सावली असेल तर एसी कमी चालतो आणि कोराडीला तेवढा कोळसा कमी जळतो. धूळ पानांवर बसते. हा सगळा जमेचा हिशोब फार मोठा आहे. फक्त झाड म्हणजे हवा गाळायची जाळी आहे, लावली की काम संपलं, ही समजूत मला अर्धवट वाटते. अरुंद रस्त्यावर दोन्हीकडून फांद्या मिळून छत झालं तर खालचा गाड्यांचा धूर वर जायला जागा राहत नाही, हेही मोजून बघितलेलं आहे. इतवारी-महालच्या गल्लीत जे झाड लावायचं ते आणि रिंगरोडच्या कडेला लावायचं ते एकच असू शकत नाही.

आणि आपण लावतो ते कसं? आकड्यात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात ५० वर्षांच्या वरचं झाड वारसा वृक्ष धरतात आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची असा नियम झाला, आणि वयाला किंमत दिली हे खूप चांगलं झालं. तोडायला निघालेली अजनीची झाडं वाचवायला नागपूरकर रस्त्यावर आले तेव्हाही वयाचाच मुद्दा लोकांच्या तोंडी होता. पण साठ वर्षांच्या कडुनिंबाच्या बदल्यात साठ झाडं कुठली? लवकर वाढतात, गाई खात नाहीत, नर्सरीत स्वस्त मिळतात म्हणून निलगिरीची साठ लावली तर कागदावर साठ झाली, पण एका आयसोप्रीन न सोडणाऱ्या झाडाच्या जागी साठ सोडणारी आली, वर शंभर मीटरवर ट्रकांची रांग. रोपं वाटणाऱ्यांना मी हा प्रश्न विचारलाय, तिथे उंची विचारतात, जगण्याची टक्केवारी विचारतात, हे कोणी विचारत नाही. पिंपळ नको असं मात्र कोणी यातून काढू नये, पिंपळावर शेकडो पाखरं जगतात, हरियल येतात, पाराशिवाय चौक नाही. पिंपळ राहू द्या आणि त्या चौकातून धूर कमी करा, सिटी बस विजेवर आणा, सिग्नलला इंजिन बंद करा, शाळेसमोर डिझेल गाड्या चालू ठेवून उभ्या करू नका. नायट्रोजनचे ऑक्साईड कमी झाले की पिंपळाचा तोच श्वास निर्धोक होतो, बोर्निओत तेलपामचा होता तसा.

१९७५ च्या वृक्ष कायद्याने दर पाच वर्षांनी शहरातल्या झाडांची गणना करायची असते, त्यात प्रजाती लिहितात, घेर लिहितात, जागा लिहितात. मला त्या तक्त्यात अजून एक रकाना हवाय, हे झाड काय सोडतं आणि किती. आपल्याकडे नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, १९५८ पासून याच शहरात, विद्यापीठाचे रसायन आणि वनस्पतिशास्त्र विभाग आहेत, एमएस्सीला दरवर्षी प्रोजेक्ट शोधणारी पोरं आहेत. दिल्लीने नऊ झाडं मोजली. आपण गुलमोहर, करंज, चिंच, पेल्टोफोरम, अशोक, शिरीष, रेनट्री, बांबू आणि संत्रा घेऊन बसू, एकदा मृगाच्या पावसानंतर आणि एकदा भर नवतप्यात, पारा ४५ च्या वर असताना दुपारी तीन वाजता, आणि फांदी धरायला काका तयार आहेत, मी विचारून ठेवलंय.